न विचारलेला प्रश्न



 वर्षभरातील नव्या कायद्यांचा, निवाड्यांचा आणि नोंदणीखात्यातील फेरबदलांचा आढावा वकिलांच्या अधिवेशनाच्या अध्यक्षाने घ्यावा असा प्रघात आहे, व त्याची टिपणेही मी केली होती. परंतु डिजिटल सहीचा सातबारा आणि संगणकावर उघडणारी सूची क्रमांक दोन यांविषयी माझ्याहून अधिक जाणते वक्ते उद्या बोलणार आहेत. मला एकाच गोष्टीविषयी बोलायचे आहे, आणि ती बोलण्यासाठी मी पुष्कळ वर्षे वाट पाहिली आहे.

ती गोष्ट अशी की, मालकीहक्काची तपासणी करताना आपण कागदांना विचारतो, माणसांना विचारत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 55 ने विक्रेत्यावर ओळीने तीन कर्तव्ये घातली : मिळकतीतले वा हक्कातले मोठे दोष उघड करावेत, दस्तऐवज दाखवावेत, आणि मिळकतीविषयी व हक्काविषयी खरेदीदार जे संबद्ध प्रश्न विचारील त्यांची आपल्या माहितीप्रमाणे उत्तरे द्यावीत. यांतले तिसरे कर्तव्य आपण विक्रेत्याकडून मागतच नाही. मुंबईच्या सॉलिसिटर मंडळींच्या कचेऱ्यांतून इंग्रजी वळणाच्या ‘रिक्विझिशन्स’, म्हणजे विक्रेत्याला विचारायच्या प्रश्नांच्या याद्या, निदान जातात तरी. आम्हां मोफसलातल्या वकिलांची रीत म्हणजे तीस वर्षांचा सर्च, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, चौदा दिवसांची मुदत, आणि कोणाची हरकत आली नाही म्हणून मिळकत निर्वेध व बोजाविरहित असल्याचा दाखला. 2021 साली महारेराने गृहप्रकल्पांच्या टायटल रिपोर्टचा ठराविक नमुना घालून दिला, हे उत्तम झाले. पण तो नमुना आपण द्यावयाच्या उत्तराचा आहे, आणि ज्या प्रश्नांवर ते उत्तर उभे राहावयाचे त्या प्रश्नांना अद्याप कोणताच नमुना नाही.

सनद मिळून मला सहाच वर्षे झाली होती तेव्हा, 1984 साली, एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकांनी भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून दीड एकर जमीन घ्यावयाचे ठरवले आणि तपासणीचे काम माझ्याकडे दिले. विकणारे तिघे भाऊ. त्यांचे वडील 1963 साली वारलेले, आणि सातबाऱ्यावर थोरल्याचे नाव ‘ए.कु.म.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागलेले. मी वारसाचा फेरफार काढून पाहिला, त्यात तीनच मुलगे लिहिलेले होते. सर्च स्वच्छ निघाला. इतर हक्कांचा रकाना कोरा होता. एवढ्यावर न थांबता मी लेखी प्रश्नही पाठवला, आणि प्रश्न पाठवलाच तर आपण आजही वापरतो त्याच भाषेत पाठवला : सदरहू मिळकतीत विक्रेत्यांव्यतिरिक्त अन्य कोणाही इसमाचा वारसा, पोटगी, वहिवाट, गहाण अथवा अन्य कोणत्याही प्रकारचा हक्क वा हितसंबंध आहे काय? थोरल्याने ‘नाही’ असे लिहवून खाली डावा अंगठा उठवून दिला.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखाली, भाकरीचे गाठोडे मांडीशी घेऊन एक प्रौढ बाई बसल्या होत्या. दुपार टळत आली होती, नंबर लागत नव्हता, आणि त्यांनी आपणहून तांब्या पुढे केला म्हणून मी त्यांच्या हातचे पाणी प्यालो. त्या कोण, हे मी विचारले नाही. दोन वर्षांनी वाटपाच्या दाव्याचे समन्स मास्तरांच्या दारी आले, तेव्हा वादी क्रमांक एक त्याच बाई होत्या, थोरली बहीण. क्रमांक दोन धाकटी. 17 जून 1956 पासून हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू असल्यामुळे 1963 साली वारलेल्या बापाच्या हिश्श्यात मुलींचाही वाटा होता, आणि तो फेरफारात लिहिला गेला नाही म्हणून नाहीसा झाला नव्हता. उलटतपासात थोरल्या भावाला विचारले गेले की, बहिणींची माहिती का दडवलीत? तो म्हणाला, “दडवली न्हाई साहेब. बहिणी किती, असं वकीलसाहेबांनी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर सांगितलं असतं, दोघी हायेत.” तो माणूस खोटे बोलत नव्हता. चोळीबांगडी करून सासरी पाठवलेल्या बहिणीचा जमिनीत ‘हितसंबंध’ असतो, हे त्याच्या मनातही नव्हते. आणि कागदातही नव्हते. ते फक्त प्रश्नातून बाहेर आले असते. मास्तरांनी पत्नीच्या पाटल्या मोडून तडजोडीची रक्कम भरली, आणि मला त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही.

अशा प्रश्नांच्या नमुन्यावरून काल विषयनियामक समितीत मोठा वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे, साऱ्या राज्यासाठी एकच छापील प्रश्नावली असावी; दुसऱ्याचे म्हणणे, वतनाची जमीन वेगळी, इनामाची वेगळी, कुळकायद्याने मिळालेली व त्याच कायद्याच्या कलम 43 च्या निर्बंधाखालची वेगळी, तेव्हा प्रमाणीकरण म्हणजे आंधळेपणा. दोन्ही पक्षांविषयी आदर राखून मी एवढेच सांगतो की, काही वर्षांपूर्वी माण तालुक्यातील एका जिराईत जमिनीच्या व्यवहारात मी विक्रेत्यातर्फे होतो, आणि समोरून त्रेसष्ट प्रश्नांची यादी आली, जिच्यात सोसायटीचे भागपत्र आणि लिफ्टचा परवाना यांचीही विचारणा होती. ‘लागू नाही’ आणि ‘दस्तऐवज पाहावेत’ ही दोन उत्तरे आलटूनपालटून मीच लिहिली, कारण त्या यादीने माझ्याकडून याहून अधिक काही मागितलेच नव्हते. जमीन आज कोण कसतो, हा एक प्रश्न तिच्यात नव्हता; खरेदीदार मोजणीला गेला तेव्हा चुलतभावाची ज्वारी गुडघ्याएवढी उभी होती. प्रत्यक्ष कब्जा हीच कब्जेदाराच्या हक्काची सूचना मानावी, असे 1929 च्या दुरुस्तीने मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात लिहून ठेवले आहे. तेव्हा सर्वांना समान असे दहा-बारा प्रश्न, आणि जमिनीच्या जातीप्रमाणे जोडपत्रे, इतका तो वाद मला सोपा वाटतो.

इंग्लंडचा दाखला काल वारंवार दिला गेला. तेथील लॉ सोसायटीने 1990 साली विक्रेत्याने भरून द्यावयाची छापील माहितीपत्रे रूढ केली, हे खरे. परंतु तेथे नोंदलेल्या हक्काची हमी राज्य घेते, म्हणून त्या पत्रांत कुंपण कोणाचे, शेजाऱ्याशी तंटा आहे काय, असे विचारून भागते. आपल्याकडे 1966 च्या जमीन महसूल संहितेचे कलम 157 फेरफाराची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी धरते. त्यांच्या पत्रांचे भाषांतर करून आपल्या हाती काय लागणार?

आणि प्रश्न मराठीत हवेत. दाव्याच्या मराठीत नव्हे, विक्रेता घरी बोलतो त्या मराठीत. आजोबांना मुलगे किती, मुली किती, वारलेल्यांची लेकरे कोठे असतात, असे विचारले की म्हातारा माणूस बोटे मोजू लागतो, आणि त्या बोटांवर जी वंशावळ उलगडते ती कोणत्याही कचेरीत सापडत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली, आणि त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 2020 साली सांगितले. इतके होऊनही आपल्या याद्यांत ‘बहीण’ हा शब्द आढळत नाही, याचा मला संताप येतो, आणि तो मी या वयात लपवणार नाही.

एक समिती नेमावी, असे मी सुचवतो. तिची नावे कार्यकारिणीने ठरवावीत, आणि कोकण, मराठवाडा व विदर्भ येथील सभासदांनी आपापल्या भागातील जमिनींच्या तऱ्हा तिला कळवाव्यात. खरेदीखताला ही उत्तरे विक्रेत्याच्या सहीनिशी जोडता येतील काय, याचाही विचार तिने करावा. मी केलेला कच्चा मसुदा येथे कार्यवाहांच्या हाती ठेवतो. त्यातला पहिला प्रश्न असा आहे : ‘तुम्हाला बहिणी किती, आणि त्या आज कोठे नांदतात?’ दुसऱ्यापासून पुढचे सारे आपण खोडावे, बदलावे, वाढवावे. पहिला तेवढा तसाच राहू द्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.