किल्ली कमरेला, मगच खाली पाय

(प्रभागसंघाच्या सभेत, गटाचा मिनी ट्रॅक्टर स्वतः चालवणाऱ्या एका ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय, मिनी ट्रॅक्टरला रोटर कसा जोडायचा आणि तो सुरक्षित कसा चालवायचा. पण आधी एक विचारते. इथं ज्या गटांकडं ट्रॅक्टर आहे, त्यांनी हात वर करा. बरं. आता त्यातल्या किती जणींच्या घरात ट्रॅक्टरची किल्ली आपल्या खिळ्याला टांगलेली असते? बघा, हात खाली आले.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजाच्या बचत गटांसाठी समाजकल्याण खात्याची मिनी ट्रॅक्टरची योजना तुम्हाला माहीत आहे. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान. बाकीचं गटानं घालायचं. गटातले निदान ८० टक्के सदस्य त्या समाजातले पाहिजेत. दुसरीकडं कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महाडीबीटीवर महिला शेतकऱ्यांना अवजारांवर ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. म्हणजे ट्रॅक्टर येतोय. कागदावर नाव आपलं, सही आपली, बँकेचा हप्ता आपला. आणि चालवतो कोण? कुणाचा मालक, कुणाचा दीर, कुणाचा नुकता बारावी झालेला पोरगा. त्यांनी चालवू नये असं मी म्हणत नाही. पण शेतात काही झालं तर उत्तर गटाला द्यायचंय, आणि रोटरजवळ वेचणी करत, काडीकचरा उचलत आपणच असतो. त्यामुळं चालवणारी असो की नुसती बांधावर उभी असो, हे यंत्र बंद कसं करायचं हे गटातल्या प्रत्येकीला आलंच पाहिजे. चालू करणं नंतर शिकलं तरी चालेल.

आता बंद करणं म्हणजे काय ते नीट ऐका. पुष्कळ डिझेल ट्रॅक्टरला नुसती किल्ली फिरवून इंजिन बंद होत नाही. एक कडी असते, ती ओढून धरायची, मग इंजिन थांबतं. तुमच्या ट्रॅक्टरची कडी कुठं आहे ते आज घरी गेल्यावर बघा. कुणी सापडलं, ओरडाओरडा झाली, तर माणसाला ओढायला धावायचं नाही, आधी कडी ओढायची.

रोटर फिरतो तो पीटीओवर. ट्रॅक्टरच्या मागं जो दातेरी दांडा बाहेर आलेला असतो तो पीटीओ. त्याला जोडलेला लांब शाफ्ट रोटरपर्यंत जातो. हा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो. हिशेब करा, सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर एक वीत धरला तर सेकंदाला नऊ विती कापड गुंडाळलं जातं, म्हणजे जवळजवळ दोन मीटर. आपली सहावारी साडेपाच मीटरची. तीन सेकंदांत अख्खी साडी आत, आणि साडीसोबत कोण जाईल ते मी सांगायला नको. ओढणीला तर तेवढाही वेळ लागत नाही.

म्हणून शाफ्टवर जे प्लॅस्टिकचं कव्हर येतं ते काढून ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी बघते, ग्रीस द्यायला अडचण होते म्हणून पहिल्याच हंगामात कव्हर गोठ्यात पडलेलं असतं. त्या कव्हरला बारीक साखळी असते. ती जागच्या जागी अडकवायची, म्हणजे शाफ्ट फिरला तरी कव्हर फिरत नाही. फुटलं असेल तर नवं आणायला गटाच्या सभेत ठराव घाला. त्या खर्चाला कुणी नाही म्हणू नये.

साडी सोडून ड्रेस घाला असं मी सांगणार नाही. कापूस वेचताना, उसात जाताना आपण साडीवर मालकाचा जुना शर्ट घालतोच. तेच इथं करा. पदर पूर्ण आत खोचून वरून शर्ट, बटणं लावलेली. केसांचा अंबाडा, त्यावर रुमाल, रुमालाची टोकं आत. मंगळसूत्र शर्टाच्या आत. पायात चप्पल नको, बूट पाहिजे. लोक हसतात. दोन दिवस हसतात, तिसऱ्या दिवशी रोटरचा नंबर कधी लागेल म्हणून विचारायला येतात.

आता जोडणी. जागा सपाट बघा. ट्रॅक्टर मागं घेताना रोटर आणि ट्रॅक्टरच्या मधे कुणी उभं राहायचं नाही. ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणणारी बाजूला, चालवणारीला दिसेल अशी उभी राहिली पाहिजे. नीट लागला की ट्रॅक्टर न्यूट्रल, हातब्रेक, इंजिन बंद. मग खालचा डावा हात जोडायचा, मग उजवा, शेवटी वरची टॉप लिंक. सोडताना उलट, टॉप लिंक आधी. प्रत्येक पिनला क्लिप घातली का ते बोटानं चाचपून बघा, नुसतं डोळ्यानं नको. क्लिपच्या जागी खिळा किंवा तार घालायची सवय मोडा. शाफ्ट लावल्यावर मागंपुढं ओढून बघा, खटका बसलाय का. मग रोटर हायड्रोलिकनं सावकाश वर-खाली करून बघा, शाफ्ट कुठं अडत नाही ना.

पात्यांचे नट रोज आवळायचे. त्यासाठी रोटर वर उचलून खाली हात घालावा लागतो. नुसत्या हायड्रोलिकच्या भरवशावर हात घालू नका, लिव्हरला कुणाचा धक्का लागला की रोटर खाली येतो. दोन्ही बाजूंना जाड लाकडी ओंडके लावा. इंजिन बंद आणि किल्ली हात घालणारीच्या कमरेला. दुसरीकडं द्यायची नाही, सीटवर ठेवायची नाही.

तेल, पाणी, चाकातली हवा सकाळी बघणं तुम्हाला येतं, त्यात मी वेळ घालवत नाही. एवढंच, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, डिझेल भरताना इंजिन बंद आणि शेजारी बिडी नको. आणि बंद शेडमधे इंजिन चालू ठेवून गप्पा मारू नका, धूर डोक्यात जातो.

चालू करताना सीटवर बसूनच करायचं. गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, क्लच दाबलेला. बॅटरी उतरली की काही जण खाली उभं राहून स्टार्टरला पाना लावून इंजिन चालू करतात. ते मागच्या मोठ्या चाकासमोर उभे असतात हे लक्षात घ्या. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर त्यांच्याच अंगावरून जातो. बॅटरी उतरली तर बॅटरी बदला.

(इथे सभेतून एका ताईंनी विचारले, “पऱ्हाटी रोटरला गुंडाळली की काय करायचं? दर वेळी बंद केलं तर दिवस जातो.”)

ताई, बरं झालं विचारलंत, मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय. पऱ्हाटी, बांधावरच्या वेली, आणि हल्ली ठिबकच्या नळ्या. नळी रोटरला गुंडाळली की रोटर जड होतो, आवाज बदलतो. चालवणारा म्हणतो एका मिनिटाचं काम आहे, पीटीओ चालू ठेवून खाली उतरतो, विळा घेतो आणि नळी ओढायला लागतो. नळी सुटते आणि पातं मोकळं होऊन एकदम फिरतं. जे हात आणि पाय जातात ते इथं जातात, सरळ रेषेत नांगरताना नाही.

म्हणून क्रम ठरवून घ्या. रोटर जमिनीला टेकवा. पीटीओ बंद. गिअर न्यूट्रल, हातब्रेक. इंजिनची कडी ओढा. किल्ली काढा, कमरेला खोचा. रोटर पूर्ण थांबला का ते बघा. मगच पाय खाली. आमच्या गटात हे घड्याळ लावून करून बघितलं, अर्धा मिनिटही लागत नाही. दिवसात दहा वेळा केलं तरी पाच मिनिटं. ताई, दिवस नाही जात. आणि शेतात उतरण्याआधी ठिबकच्या नळ्या गोळा करून घेतल्या, दगड आणि लोखंडी खुंट वेचून घेतले, तर दहा वेळाही उतरावं लागत नाही. हे वेचायचं काम भाडं ठरवतानाच शेतमालकावर टाका. ‘रान मोकळं नसेल तर रोटर येणार नाही’, असं नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. डाळिंबाच्या, द्राक्षाच्या बागेत गवत कापायचं यंत्र मागं लावणाऱ्यांनी तर दगडाकडं दुप्पट लक्ष द्या. त्याच्या पात्याचा दगड गोळीसारखा उडतो आणि लांब उभ्या माणसाला लागतो.

लेकरांचं सांगते. कामाला येताना आपण तान्ह्याला घेऊन येतो, झाडाला झोळी बांधतो. ज्या रानात रोटर चालू आहे त्या रानात झोळी नको, पलीकडच्या रानात बांधा आणि जवळ एक मोठं माणूस ठेवा. चालतं पोर आईच्या मागं येतं, आणि ट्रॅक्टर मागं घेताना ते दिसत नाही. मागं घेताना पीटीओ बंद, रोटर वर, आणि मान वळवून बघायचं. मडगार्डवर नातवाला बसवून फेरी मारायची हौस कुणाची असेल तर ती मोडा. ट्रॅक्टरला सीट एकच आहे, तेव्हा माणूसही एकच.

ट्रॉलीत माणसं बसवण्याबद्दल मला वेगळं समजावत बसायची गरज नाही. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात कामाला निघालेल्या बायांची ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत गेली आणि सात जणी गेल्या. हिंगोली जिल्ह्यातून मजुरीला आलेल्या, आपल्यासारख्याच बाया. ट्रॉली मालासाठी असते. मजुरीचा मुकादम म्हणाला ‘बसा गं, जवळच आहे’, तर आपण गटानं मिळून नाही म्हणायचं, एकटीनं म्हटलं तर तिचा रोज जातो. आणि आपल्या शिवारात किती विहिरींना कठडा नाही ते मोजा. आमच्या गटाचा नियम आहे, विहिरीपासून दोन ट्रॅक्टर लांबीच्या आत रोटर जात नाही. तेवढी जागा कुदळीनं.

बांध आणि चढ. मिनी ट्रॅक्टर अरुंद असतो, तिरका चालवला की कलंडतो. उतारावर आडवं जायचं नाही. उतरताना खालचा गिअर टाकून उतरायचं, डिझेल वाचेल म्हणून न्यूट्रल करायचं नाही, मग ब्रेक पुरत नाही. खड्ड्यातून वर निघायचं असेल तर रिव्हर्समधे निघा. चिखलात चाक फसलं की लोक चाकाला ओंडका बांधतात आणि क्लच एकदम सोडतात. चाक फिरत नाही म्हणून ट्रॅक्टरचं तोंडच वर उठतं आणि अख्खा ट्रॅक्टर मागं चालवणाऱ्यावर येतो. बैल उधळायच्या आधी कान टवकारतो, हा काही सांगत नाही. फसला तर मागं घेऊन बघा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा. दोर खाली ड्रॉबारला बांधा, वर टॉप लिंकच्या जागी कधीच नको. डोक्यावर लोखंडी कमान असलेला ट्रॅक्टर असेल तर सीटचा पट्टा बांधा. कमान नसेल तर पट्टा बांधू नका.

रस्त्यावर आणताना दोन्ही ब्रेकचे पेडल एकत्र अडकवा. शेतात वळायला ते वेगळे असतात, रस्त्यावर वेगात एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गरकन फिरतो. चालवणारीकडं लायसन पाहिजे, ट्रॅक्टरची नोंदणी आणि विमा चालू पाहिजे. अठराच्या आतल्या पोराच्या हातात किल्ली द्यायची नाही, तो कितीही छान चालवत असला तरी. अपघात झाला तर विम्याच्या कागदावर पहिला प्रश्न हाच येतो.

एवढं करूनही कुणाला लागलं तर १०८ ला फोन. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हळद-चहापत्ती भरू नका. कुणी पात्यात अडकलं असेल तर रोटर उलटा फिरवून काढायला इंजिन चालू करू नका.

पुढच्या बुधवारी शाळेच्या मागच्या मोकळ्या रानात आमचा ट्रॅक्टर रोटरसकट सकाळी आठला आणणार आहे. प्रत्येक गटातून निदान तिघी या, एकीच्या घरी अडचण आली तरी दोघींना येत असलं पाहिजे. पहिल्या दिवशी कुणी ट्रॅक्टर पळवायचा नाही. सीटवर बसायचं, चालू करायचं, बंद करायचं, किल्ली कमरेला खोचून उतरायचं, आणि मग दुसरी. शर्ट आणि बूट घरून आणा. लेकरांना सांभाळायला सासूबाईंना आधी विचारून ठेवा.