दिव्यापासून मेंदूच्या आलेखापर्यंत



देवासला बँक नोट प्रेस आहे. चलनी नोटेच्या कागदातच जलचिन्ह आणि सुरक्षा-धागा असतो. नोट उजेडासमोर धरली की तिचा खरेखोटेपणा बऱ्याच अंशी कळतो. माणसाच्या बोलण्यात असे एखादे जलचिन्ह असते काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रश्न जुनाच आहे. धारचा राजा भोज हा धर्मशास्त्राचाही जाणकार होता. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त ‘धारेश्वर’ या नावाने त्याच्या मतांचा परामर्श घेतला आहे. त्याच ‘मिताक्षरे’त दिव्यांचेही सविस्तर विवेचन आहे. साक्षी-पुरावा नसेल तेथे तुला, अग्नी, जल यांच्या साह्याने सत्य शोधावे, अशी ती व्यवस्था होती. मराठेशाहीतही उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढण्याचे दिव्य होत असे. चोरीच्या आळासाठी स्मृतिकारांनी तांदुळाचे दिव्य सांगितले आहे. संशयिताने तांदूळ चावून थुंकावे, आणि थुंकीत रक्त दिसले तर तो दोषी ठरावा. भयाने तोंडाला कोरड पडते हा अनुभव सर्वांचाच आहे. परंतु कोरड चोरालाच पडते, असे कोण म्हणेल? खोट्या आळाने गांगरलेल्या निरपराध माणसाचीही तीच गत होते.

विसाव्या शतकातील पॉलिग्राफ यंत्र याच तत्त्वावर उभे आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे जॉन लार्सन यांनी ते सिद्ध केले. रक्तदाब, नाडी आणि श्वास यांची नोंद ते करू लागले. पुढे त्वचेवरील घामाने होणाऱ्या विद्युत्-बदलाची भर पडली. यंत्र टिपते ते क्षोभ; त्या क्षोभाला ‘असत्य’ हे नाव देतो तो परीक्षक. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये या यंत्राची कसून छाननी केली. विशिष्ट घटनेविषयीच्या चाचणीत त्याचे निदान निव्वळ योगायोगाहून बरेच सरस, पण अचूकतेपासून बरेच दूर आहे, असा तिचा निष्कर्ष होता. परिषदेने दिलेले एक गणित मननीय आहे. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत आणि चाचणी त्यांतील ८ पकडते असे धरले, तर त्यांच्याबरोबर सुमारे १,६०० निर्दोष माणसेही संशयित ठरतात. दोन हेर निसटतात ते वेगळेच.

तेव्हा शरीर सोडून थेट मेंदूकडे वळावे, असे नव्या तंत्रज्ञांना वाटले. भारतात चंपादी रामन मुकुंदन यांनी विकसित केलेली मेंदूच्या विद्युत्-स्पंदनांची चाचणी प्रसिद्धी पावली. संशयिताने उत्तर द्यायचे नसते. डोक्याला विद्युत्-अग्रे लावून गुन्ह्याविषयीची विधाने ऐकवली जातात. प्रत्यक्ष अनुभवाची स्मृती आणि ऐकीव माहिती यांतील भेद आलेखावरून कळतो, असा दावा होता. पुण्याच्या सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये विषप्रयोगाच्या एका खटल्यात जन्मठेप देताना या चाचणीचाही आधार घेतला, तेव्हा त्याची चर्चा जगभर झाली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून आरोपींना जामीन दिला.

येथे पुन्हा धारेची आठवण होते. पातंजल योगसूत्रांवरील ‘राजमार्तंड’ ही वृत्ती भोजाच्या नावावर आहे. त्या शास्त्राने चित्ताच्या पाच वृत्ती मानल्या: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. ज्याच्यावर महिनोन्‌महिने आरोप होत आहे, त्याने त्या घटनेचे चित्र मनात शंभरदा रंगवलेले असते. विकल्प कोठे संपतो आणि स्मृती कोठे सुरू होते, हे त्या माणसालाही सांगता येत नाही. मग आलेखाने ते कसे सांगावे?

चुंबकीय प्रतिमांच्या साह्याने मेंदूतील रक्तप्रवाह पाहणाऱ्या तंत्राचीही हीच कथा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याने प्रत्येक असत्य अचूक ओळखले. पण सहभागी व्यक्तींना हातापायाची बोटे नकळत हलविण्याची युक्ती शिकवताच अचूकता १०० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर घसरली. आवाजातील ताण मोजणाऱ्या यंत्रांची परीक्षा अमेरिकेतील एका तुरुंगात झाली, तेव्हा अमली पदार्थांविषयीच्या खोट्या उत्तरांपैकी जेमतेम १५ टक्के उत्तरे त्यांना ओळखता आली. बाहुली आणि चेहरा वाचणारी यंत्रेही आता आली आहेत. नवे म्हणजे अधिक विश्वसनीय, असे अद्याप कोणीही सिद्ध केलेले नाही. उलट पॉलिग्राफचे दोष तरी शंभर वर्षांच्या वापराने उघड झाले आहेत. नव्या यंत्रांचे दोष झगमगाटात झाकलेले राहतात.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा ५ मे २०१० चा ‘सेल्वी’ निकाल महत्त्वाचा ठरतो. संमतीवाचून कोणाचीही नार्को, पॉलिग्राफ वा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येणार नाही. घटनेच्या अनुच्छेद २०(३) आणि २१ चा तो भंग होतो, असे न्यायालयाने ठरविले. संमतीने झालेल्या चाचणीचा अहवालदेखील स्वतः पुरावा होत नाही. मात्र तिच्या आधारे पुढे काही वस्तू वा माहिती सापडली, तर ती कायद्याच्या चौकटीत ग्राह्य ठरू शकते. धार-देवासच्या ठाण्यांत बसलेल्या गरीब संशयितालाही हेच कवच आहे. मात्र ‘यंत्राने सांगितले’ या शब्दांपुढे समाजच मान तुकवू लागला, तर ते कवच कागदावरच राहील.

दिव्य कालबाह्य झाले. दिव्यावरचा विश्वास मात्र वेष पालटून येतो. नोटेचे जलचिन्ह ती घडवणाऱ्यानेच कागदात ठेवलेले असते, म्हणून ते शोधता येते. मनात तसे चिन्ह कोणी ठेवलेले नाही. तेथे साक्ष ताडून पाहावी लागते, कागद वाचावे लागतात, उलटतपासणी घ्यावी लागते. हा मार्ग संथ आहे, कष्टाचा आहे. पण निरपराध माणसाला त्याच मार्गावर आपली बाजू मांडण्याची जागा मिळते. एका पुस्तकाची साक्ष दुसऱ्या पुस्तकाशी ताडून पाहण्याची सवय शंभर वर्षे जोपासणाऱ्या ग्रंथालयाच्या वाचकांना ही गोष्ट निराळी पटवून देण्याचे कारण नाही.