तारीख एक दिवस मागे का गेली?

मी जबलपूरहून बोलतोय. आमच्या ग्वारीघाटावर संध्याकाळी नर्मदेची आरती होते, ती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. याच घाटावर दिवसकार्यंही होतात. त्यांच्या आगाऊ नोंदणीसाठी मी एका छोट्या संस्थेला फॉर्म करून दिला होता. नाव, फोन आणि तारखेसाठी जावास्क्रिप्टचा डेट पिकर. साधं काम.

एका कुटुंबाने दहाव्यासाठी १८ तारीख निवडली. यादीत आली १७. गुरुजी आदल्या दिवशी येऊन, वाट पाहून गेले. दुसऱ्या दिवशी घरची माणसं घाटावर उभी आणि गुरुजी भलतीकडे. दहावा काही पुढे ढकलता येत नाही. मला फोन आला, तेव्हा मी म्हणालो, "त्यांनीच चुकीची तारीख दाबली असेल." मग स्वतः फॉर्म भरून पाहिला. चूक माझीच होती.

झालं असं. पिकर आपल्याला १८ तारखेची मध्यरात्र देतो, भारतीय वेळेनुसार. मी ती 'टू आयएसओ स्ट्रिंग'ने मजकुरात बदलत होतो. ते फंक्शन वेळ यूटीसीत नेतं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून १८ची मध्यरात्र झाली १७ची संध्याकाळ, साडेसहा. मी त्यातला तारखेचा भाग कापून साठवला.

घाईत मी एक दिवस मिळवून टाकला. हे अजिबात करू नका! न्यूयॉर्कमधल्या मुलाने तोच फॉर्म भरला, तर तिथली मध्यरात्र हिवाळ्यात यूटीसीचे पहाटेचे पाच असते. तारीख बदलत नाही, आणि माझा वाढीव दिवस १९ करून ठेवतो.

खरा उपाय सोपा आहे. पिकरच्या तारखेतून 'गेट फुल इयर', 'गेट मंथ' आणि 'गेट डेट' वेगवेगळे घ्या. महिना शून्यापासून मोजला जातो, म्हणून त्यात एक मिळवा. एक अंकी आकड्याआधी शून्य लावा. वर्ष-महिना-दिवस असा मजकूर जोडा आणि डेटाबेसमध्ये नुसत्या तारखेच्या कॉलममध्ये ठेवा. वेळ नकोच.

वाचतानाही सांभाळा. तो मजकूर थेट 'न्यू डेट'ला दिला, तर तो यूटीसीची मध्यरात्र समजतो. भारतात तारीख बरोबर दिसते, अमेरिकेत एक दिवस मागे. म्हणून मजकुराचे तीन तुकडे करा आणि महिन्यातून एक वजा करून तीन आकडे वेगवेगळे द्या.

शेवटी तपासणी. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'सेन्सर्स' आहे. तिथे शहर बदललं की टाइमझोन बदलतो. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को, दोन्हीकडून फॉर्म भरून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते आधी केलं असतं, तर त्या दिवशी ती माणसं घाटावर खोळंबली नसती.