मिझुरीतल्या फ्रेंच गावी एक मुक्काम
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लाँग वीकएंडला कुठे जायचं, हा आपल्या पॉटलकमधला कायमचा विषय. शिकागोकडची मंडळी हमखास सेंट लुईसला जातात. आय-55 धरायचा, सुमारे 300 मैल. मग आर्च, प्राणिसंग्रहालय, देऊळ, देवळातला डोसा आणि रविवारी परत! माझी सूचना इतकीच, की या ट्रिपला एक दिवस जोडा आणि तिथून आणखी साठेक मैल दक्षिणेला सेंट जेनेव्हीव या गावी मुक्काम करा. जुनं फ्रेंच खेडं पाहायला पॅरिसचं तिकीट काढायला नको, ते मिसिसिपीच्या काठावरच आहे.

फ्रेंच इथे आले कसे? कॅनडातून नदीमार्गे. 1703 मध्ये त्यांनी कॅस्कॅस्किया वसवलं, आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर पलीकडच्या काठावर सेंट जेनेव्हीव. गहू, मीठ आणि शिसं यांवर गाव चाले. त्या कष्टांत गुलामांचा मोठा वाटा होता, हेही मुलांना सांगायला हवं. 1763 च्या तहानंतर पूर्व किनारा इंग्रजांकडे गेला, पश्चिम किनारा स्पेनकडे. 1803 मध्ये नेपोलियनने हा मुलूख अमेरिकेला विकला. वरचे राजे बदलत राहिले, पण गावकरी आपले घरात फ्रेंचच बोलत होते.

आता प्लॅन. सकाळी नॅशनल पार्कच्या केंद्रापासून सुरुवात करा. हा पार्क 2020 मध्ये रीतसर स्थापन झाला. मग 1792 चं आमुरो यांचं घर. सर्वसाधारण अमेरिकन लॉग केबिनमध्ये ओंडके आडवे रचतात. इथे सिडरचे खांब उभे, थेट जमिनीत पुरलेले! अशी घरं उत्तर अमेरिकेत मोजून पाच उरली आहेत आणि त्यांतली तीन या एका गावात आहेत. दोन खांबांमधल्या फटी माती आणि गवताने लिंपायच्या, बाहेर ओसरी. कोकणातलं कुडाचं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं समजावायला नको. जन्माने गुलाम असलेली आणि पुढे मुक्त झालेली पेलाजी आमुरो ही बाई याच घरात राहिली, तिने दुकान चालवलं. मुलांना तारखांपेक्षा तिची गोष्ट लक्षात राहील.

दुपारी दक्षिणेला सेंट मेरीवरून कॅस्कॅस्कियाला जा. हे गाव 1818 मध्ये इलिनॉय राज्याची पहिली राजधानी होतं. 1881 मध्ये मिसिसिपीने पात्र बदललं आणि गाव गिळलं. जे उरलं ते नदीच्या पश्चिमेला पडलं, म्हणून इलिनॉयच्या या गावात जायला रस्ता मिझुरीतून! 2020 च्या जनगणनेत इथे 21 माणसं होती. आपल्या कोजागिरीच्या दुधाला याहून मोठी रांग असते. फ्रान्सच्या राजाने 1741 मध्ये दिलेली घंटा मात्र अजून तिथे आहे.

मुक्कामाला सेंट जेनेव्हीवला परत या. दुसऱ्या दिवशी गाडी फेरीबोटीवर घालून नदी ओलांडा (पाणी चढलं की बोट बंद असते, आधी फोन करा) आणि फोर्ट द शार्त्र हा 1750 च्या दशकातला दगडी किल्ला पाहा. तिथलं दारूकोठार मूळचं आहे, बाकी बरंचसं नव्याने बांधलेलं. किल्ले पाहिलेल्या माणसाला तो भुईकोट छोटा वाटेल, पण पोरांना पळायला जागा भरपूर! थेपले-पुरीभाजीचा डबा इथेच उघडा.

आता, मी हेच गाव का सुचवतोय? या लोकांची फ्रेंच अमेरिकन राज्य आल्यावर लगेच गेली नाही. जवळच्या शिशाच्या खाणींच्या भागात, ओल्ड माइन्सला, जोसेफ मेदार कारिएर या अभ्यासकाने म्हाताऱ्यांकडून फ्रेंच लोककथा गोळा केल्या. ते पुस्तक 1937 चं. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं ती भाषा तगली. बंदी कोणी घातली म्हणून ती गेली नाही. शाळा इंग्रजी, नोकरी इंग्रजी, मग आईबापांनी पोरांशी बोलणंही इंग्रजीत सुरू केलं. आज तिथे फ्रेंच उरली आहे ती आडनावांत, पाट्यांवर आणि एका गाण्यात. 31 डिसेंबरच्या रात्री वेष घालून मंडळी दारोदार 'ला गिन्योले' गातात. आपल्याकडे शिमग्याला पोस्त मागतात, तसाच प्रकार. गाणं फ्रेंच, पण गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना फ्रेंच बोलता येत नाही.

गणपतीत आपली मुलं आरत्या किती खणखणीत म्हणतात, ते आठवा. आणि आरती संपल्यावर प्रसादाच्या रांगेत ती एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतात, तेही आठवा.

उलट उदाहरणही आहे. व्यंकोजीराजांबरोबर सतराव्या शतकात तंजावरला गेलेल्यांच्या वंशजांपैकी अनेक घरांत आजही मराठी बोलतात. उच्चार वेगळा, त्यात तमिळ मिसळलेली, पण रोजच्या सांबाराची आणि भांडणाची भाषा तीच. त्यांनी मराठी फक्त सणासाठी राखून ठेवली नाही.

म्हणून परतीच्या प्रवासाचे पाच-सहा तास फुकट घालवू नका. मागच्या सीटवरचा डीव्हीडी किंवा टॅब्लेट बंद करा, पुण्याला-नागपूरला आजीला फोन लावा (तिकडची रात्र-दिवस पाहून!) आणि तो उभ्या खांबांचा आणि नदीने गिळलेल्या गावाचा किस्सा मुलांना सांगू द्या. मोडकातोडका चालेल. मध्येच 'रिव्हर' आली तर येऊ द्या, पण पुढचं वाक्य आपण इंग्रजीत सांगून टाकायचं नाही.

प्रवासाला शुभेच्छा, आणि टाकी भरून निघा. नदीकाठी पेट्रोलपंप कमी आहेत!