गोष्टीला यजमान हवा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाली, तू एआयवर बोल." पण एआयवर बोलू शकणारे या सभागृहात डझनभर तरी निघतील. त्यामुळे मी थोडं जुन्या तंत्रज्ञानावर बोलते. गोष्ट सांगणे, हे ते तंत्रज्ञान.

सुरुवात आपल्या गावापासून. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास बारा खेडी जोडून नागपूर वसवलं. पुढे चांद सुलतानाने जुम्मा तलाव बांधला, तोच आपला गांधीसागर. म्हणजे या शहराची पहिली गोष्ट गोंडांची आहे.

गोंडांची गोष्ट सांगायचं काम परधानांचं. परधान हे त्यांचे पिढीजात गायक. बाना नावाचं तारवाद्य घेऊन परधान दर तीन वर्षांनी आपल्या यजमानाच्या दारी जायचा. बडादेवाला आळवायचा, त्या घराची वंशावळ गायचा, राजांच्या कथा सांगायचा. यजमान त्याला धान्य द्यायचा, कपडे द्यायचा, ऐपत असली तर गुरंही द्यायचा. कागद कुठेच नव्हता. गाणाऱ्याचं पाठांतर आणि ऐकणाऱ्याचं दार, एवढ्यावर सगळा इतिहास उभा होता.

नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या लिंगोची कथा अशाच परधानी गायनातून मिळवली. आपल्यातले बरेच जण ज्या कॉलेजात शिकले, त्याला नाव दिलं ते हेच हिस्लॉप. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ते नदीत बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले, गोंडी शब्दांसह. गाणं कागदावर आलं, ही मोठीच गोष्ट. पण गाणारे मात्र पुढे अडचणीत आले. जंगल सरकारी झालं, जमिनी गेल्या, यजमानच कंगाल झाला. मग परधानाला कोण काय देणार? बाना खुंटीला लागला आणि गाणारे हात मजुरीला गेले.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण मध्य प्रदेशातल्या पाटणगढचा एक परधान मुलगा, जनगढसिंह श्याम. जनगणनेच्या वेळी जन्मला म्हणून हे नाव, असं सांगतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनासाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांचे सहकारी खेडोपाडी फिरत होते. त्यांना जनगढची भिंतीवरची चित्रं दिसली आणि त्यांनी त्याला भोपाळला नेलं. जे देव त्याचे पूर्वज गात होते, ते त्याने ठिपक्या-रेषांनी कागदावर उतरवले. १९८९ मध्ये त्याची चित्रं पॅरिसच्या प्रदर्शनात होती. भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतींवरही त्याचं काम आहे.

२००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करत असताना जनगढने तिथेच आयुष्य संपवलं. वय जेमतेम चाळीस. आशेबद्दल बोलताना हे वाक्य गाळता येत नाही. कौतुक जगभरचं होतं, पण कौतुक म्हणजे आधार नव्हे.

त्याने मात्र गावातल्या नातलगांना आधीच भोपाळला आणून हाती ब्रश दिला होता. त्यांतला पुतण्या भज्जू श्याम. त्याने रात्रीचा पहारा केला, विजेची कामं केली. नंतर लंडनमधल्या एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला गेला आणि परत येऊन त्या शहराचं पुस्तक केलं. त्यात बिग बेनचं घड्याळ कोंबडा झालंय, आणि रात्री पबमध्ये जमणारे इंग्रज वटवाघळं! ज्यांनी दीडशे वर्षांपूर्वी गोंडांची गोष्ट लिहून घेतली, त्यांचीच गोष्ट एका गोंडाने सांगितली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरं पुस्तक तर नागपूरकरांनी वाचायलाच हवं. 'भीमायन'. २०११ चं. बाबासाहेबांचं आयुष्य दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी चित्रांत सांगितलंय. कॉमिक्समध्ये चौकटी असतात ना, त्यांनी त्या नाकारल्या. माणसांना डब्यात कोंबायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी, मवाळ बोलणाऱ्याच्या शब्दांना पाखराचा आकार. दीक्षाभूमीच्या शहरात याहून वेगळं सांगायला नको.

आता माझ्या धंद्यातलं एकच. फोनवर कुठलीही लिपी लिहायची तर तिच्या प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये क्रमांक मिळावा लागतो. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. तिला तो क्रमांक मिळाला २०१७ मध्ये. पुढच्याच वर्षी गुंजाला गोंडी लिपीलाही मिळाला. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त होते. अक्षरं आता यंत्रात आली. लिहिणारे आणि वाचणारे उभे करणं हे यंत्राचं काम नाही.

म्हणून शाळेच्या निधीबद्दल एक सूचना. या निधीतून नवा प्रोजेक्टर घ्यायचं चाललंय. जरूर घेऊ. पण सोबत हेही करू: दर तीन वर्षांनी एका आदिवासी कलावंताला किंवा कथेकऱ्याला आठवडाभर शाळेत बोलवायचं. रीतसर मानधन द्यायचं, आणि तेही आधी. भिंतीवर चित्र झालं तर खाली नाव त्यांचं घालायचं, आपल्या बॅचचं नाही. इंटरनेटवरून नक्षी उतरवून स्टेज सजवायचं नाही, कारण प्रत्येक चित्रकाराचे ठिपके त्याची सही असतात. आणि वर्गात एखादं पोर गोंडी बोलणारं असेल, तर त्या आठवड्यात पाहुण्यांशी पहिलं तेच बोलेल.

कलावंतांनी त्यांची बाजू सांभाळली. वाद्य गेलं तर रंग घेतले, रंगातून पुस्तक केलं. मोडला तो यजमान. ती जागा आपण भरू शकतो. पैशाने फार मोठी नाही, हिशेब मी केलाय. चहाच्या वेळात खजिनदार सरांकडे कागद ठेवते. सह्या करा.