बोलणं तोडणं

‘आई, इंटरप्ट करू नको ना!’ मुलांच्या तोंडी हे वाक्य सारखं असतं. हा शब्द मूळचा लॅटिन. ‘इंटर’ म्हणजे मध्ये, ‘रुम्पेरे’ म्हणजे तोडणे. ‘बँकरप्ट’मधलं ‘रप्ट’ही त्याच घरचं, त्याचा मूळ इटालियन अर्थ मोडलेलं बाकडं, पैशांच्या व्यापाऱ्याचं!

आपणही मराठीत बोलणं तोडतोच. शिवाय मध्ये तोंड घालतो, मोडता घालतो. वीज गेली की पुरवठा ‘खंडित’ होतो, म्हणजे तोही तुटलेलाच.

बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक आहे. तुर्भे, दिघ्याच्या वस्त्यांत आम्ही बैठका घेतो. नवी सदस्य उठते, ‘मला पाच हजार हवेत, कारण...’ तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, ‘अगं, फेडशील कशी ते सांग आधी!’ कारण तिथेच राहतं. इतिवृत्तात नुसती रक्कम जाते. पुढे हप्ता थकला, की घरात आजारपण होतं की मुलीची फी, गटाला ठाऊकच नसतं. मग बोल तिलाच.

नुसतं गप्प बसणंही बरं नाही हं. आजीच्या गोष्टीला आपण हुंकार द्यायचो, ‘मग? पुढे?’ तेही मध्ये बोलणंच, पण त्यानं धागा तुटत नाही, उलट पुढे सरकतो.

म्हणून आम्ही गटांना सांगतो, कारण पूर्ण होईपर्यंत फक्त हुंकार. नंतर प्रश्न जरूर विचारा, पैसा सगळ्यांचा आहे. आणि सचिवताईंनो, वहीत आधी कारण लिहा, मग रक्कम.