मावळातील महामार्ग आणि शाळकरी मूल



सन १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबई-पुण्याची वर्दळ मावळच्या दारावरून वाहू लागली. त्या वर्दळीने तालुक्यास बाजार दिला, रोजगार दिला. तिने बळीही घेतले. २००२ मध्ये ९४.५ किलोमीटर लांबीचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. प्रवासाचा वेळ वाचला, परंतु २०१६ या एका वर्षात त्या मार्गावर १५१ माणसे दगावली. त्याच वर्षी राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी ‘शून्य मृत्यू’ हे ध्येय ठेवून काम हाती घेतले. धोक्याच्या जागा हेरून तेथे कठडे व तारांचे दोर बसविणे, कडेला उभी राहणारी वाहने हटविणे असे ते काम होते. २०१९ पर्यंत मृतांची संख्या शंभराच्या आत आली. २०२४ मध्ये वेग व लेन यांवर नजर ठेवणारे कॅमेरेही सुरू झाले.

हे सर्व स्तुत्य होय. तथापि द्रुतगती मार्गावर पादचाऱ्यास मज्जाव आहे. मावळातील मूल चालते ते जुन्या महामार्गाच्या कडेने. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव ही गावे त्याच रस्त्यावर वसली आहेत. घर एका बाजूस, तर शाळा वा एस.टी.चा थांबा दुसऱ्या बाजूस. २०२१ च्या नोव्हेंबरात आळंदीस निघालेल्या दिंडीत साते फाट्याजवळ पिकअप गाडी शिरली आणि वारकऱ्यांचे प्राण गेले. माणसे पायी चालतात तो रस्ता हाच.

येथे शिक्षकाचे काम सुरू होते. ‘रस्ता जपून ओलांडा’ हे वाक्य फळ्यावर लिहून मुलास काहीच कळत नाही. त्याऐवजी मैदानात १७ मीटर दोर ताणावा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात एवढे अंतर कापते, आणि मूल दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर मोटार थांबण्यास आणखी सुमारे २० मीटर लागतात. मैदान अपुरे पडले, तर तोच मोठा धडा समजावा! मावळात चार महिने रस्ता कोरडा नसतोच. ओल्या रस्त्यावर हे अंतर पुष्कळच वाढते. वेग दुप्पट केल्यास ब्रेकनंतरचे अंतर चौपट होते, हे वरच्या वर्गातील मुलांकडून गणितात सोडवून घ्यावे.

पदपथ नसेल तेथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने पाहत चालावे. बैलगाडी व सायकल डावीकडून जातात, म्हणून पायी चालणारेही डावीकडून जातात. ही जुनी सवय मोडण्यास वेळ लागेल. लोणावळ्याच्या धुक्यात काळी छत्री वा गडद रेनकोट चालकास दिसत नाही. पालकसभेत फिकट रंगाचा आग्रह धरावा. खर्च तोच येतो.

अपघात झालाच, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, हे मुलांस पाठ असावे. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुष्कळ लोक जखमीस हात लावत नाहीत. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ही गोष्ट मुलांनी घरी जाऊन वडीलधाऱ्यांना सांगावी.